मेकअपचे ब्रश: स्पिरिट मारायचं की शाम्पूने धुवायचे?

लग्नसराईत जळगाव-धुळ्याकडे एकाच दिवशी दोन नवऱ्या सजवायच्या असल्या की ब्रश धुऊन वाळवायला वेळ कुठला! तिथे स्पिरिट, म्हणजे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच कामाचं. ब्रशवर फवारा, टिश्यूवर रंग उतरेपर्यंत पुसा, दोन-तीन मिनिटं वाळू द्या. ९९ टक्क्यांचं नको. जंतू मरायच्या आतच ते उडून जातं. तापलेल्या स्ट्रेटनरजवळ तर अजिबात फवारू नका, भडका उडेल.

पण फाउंडेशनचा चिकट थर स्पिरिटने नीट निघत नाही. त्याला शाम्पूच हवा. कोमट पाणी, थेंबभर बेबी शाम्पू, तळहातावर गोल फिरवायचं, ब्रशचं तोंड कायम खाली. केस धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या नळीत पाणी शिरलं की आतला गोंद सुटतो आणि केस निघून नवरीच्या गालावर चिकटतात. बोअरचं पाणी जड असेल तर फेस कमी होतो, ब्रश राठ पडतो. शेवटी आरओच्या पाण्याने खळबळा. वाळवायचं सावलीत, टेबलाच्या कडेला आडवं, रात्रभर. मे महिन्याचं ऊन फुकट मिळतंय म्हणून गच्चीवर नेऊ नका.

बकरीच्या केसांच्या ब्रशला अल्कोहोल शक्यतो टाळाच. स्पंजला मात्र स्पिरिट पुरत नाही, तो धुवायचाच.