अंकी ॲप : 60 मुलांच्या वर्गाची नावं चेहऱ्यांसकट लक्षात ठेवायला

जूनमध्ये नवा वर्ग हाती आला की हजेरीपट आठवड्याभरात तोंडपाठ होतो, पण समोर उभ्या असलेल्या मुलाला हाक मारताना जीभ अडते. चेहरा ओळखीचा वाटणं सोपं असतं. त्यावरून नाव आठवणं हे वेगळं आणि जास्त कष्टाचं काम आहे. पुढे प्रश्न, मागे उत्तर अशी कार्डं पुन्हा पुन्हा दाखवून उजळणी करून घेणारं अंकी हे ॲप नेमका हाच सराव करून घ्यायला फार उपयोगी आहे, मात्र कार्ड नीट बनवलं तरच.

संगणकावर आणि अँड्रॉइडवर (तिथे त्याचं नाव अंकीड्रॉइड) ते फुकट आहे. आयफोनचं अधिकृत ॲप विकत घ्यावं लागतं आणि ते महाग आहे. पण अंकीवेब या अंकीच्या संकेतस्थळावर खातं काढून ब्राउझरमध्ये उजळणी करायला पैसे पडत नाहीत.

कार्डाचा प्रकार साधा 'बेसिक' ठेवा. पुढच्या बाजूला फक्त फोटो, मागे नाव आणि आडनाव. उलट कार्ड, म्हणजे नावावरून चेहरा, बनवू नका. वर्गात गरज चेहऱ्यावरून नावाचीच असते, आणि उजळणी उगाच दुप्पट होते. उत्तर टाइप करायचा प्रकारही टाळा. तो अक्षर न् अक्षर ताडून बघतो, त्यामुळे एखादी वेलांटी चुकली तरी लाल खूण येते आणि लक्ष नावावरून शुद्धलेखनाकडे जातं. नाव मोठ्याने म्हणा, मगच कार्ड उलटा.

खरी गडबड फोटोत होते. एकच फोटो असेल तर मेंदू चेहरा सोडून मागची निळी भिंत किंवा लाल रिबन लक्षात ठेवतो आणि वर्गात पुन्हा पाटी कोरी. म्हणून फोटो कपाळापासून हनुवटीपर्यंत कापून घ्या, आणि जमल्यास प्रत्येकाचे दोन फोटो घेऊन दोन कार्डं करा : एक समोरून, एक थोडं बाजूने. सगळे गणवेशात असतील तर उत्तमच, कपड्यांचा आधार आपोआप जातो. दोन वेण्यांच्या दोन मुलींची सारखी अदलाबदल होत असेल, तर दोघींचे फोटो शेजारी शेजारी ठेवून तिसरं कार्ड बनवा आणि फरक शोधा : भुवया, कानाची पाळी, दातांची ठेवण.

रोजच्या नव्या कार्डांची मर्यादा मुळात 20 असते. ती 10 वर आणा. एकेक फोटो असेल तर 60 मुलं सहा दिवसांत येतात आणि उजळणी अंगावर येत नाही. कार्ड उलटल्यावर खाली बटणं येतात; नाव आठवलं नाही तर त्यांतलं 'अगेन'च दाबायचं. बरेच जण संकोचाने 'हार्ड' दाबतात, पण ॲपच्या लेखी 'हार्ड' म्हणजे आठवलं. मग ते कार्ड पुढे ढकललं जातं आणि विसरलेलं नाव विसरलेलंच राहतं.

आणखी एक खाच आहे. शिकून झालेलं कार्ड पुढे आठ वेळा चुकलं की अंकी त्याला 'लीच' ठरवतं, आणि 'लीच ॲक्शन'मध्ये 'सस्पेंड' निवडलेलं असेल तर बाजूला काढतं. म्हणजे जे मूल सगळ्यात जास्त विसरलं जातं, नेमकं तेच उजळणीतून नाहीसं होतं! डेकच्या (कार्डांच्या गठ्ठ्याच्या) पर्यायांत 'लीच ॲक्शन' 'टॅग ओन्ली', म्हणजे फक्त खूण करणं, आहे ना ते बघा; नसेल तर तसं करा.

ॲप पहिली भेट घडवत नाही, हे मात्र खरं. हजेरी घेताना मान वर करून प्रत्येकाकडे बघणं आणि त्याच तासाला नावाने प्रश्न विचारणं याला पर्याय नाही. ते करून रात्री दहा मिनिटं अंकी, असा क्रम लावला तर फरक पडतो.

मुलांचे फोटो आहेत, त्यामुळे मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी आधी घ्या, आणि डेक कुणालाही पाठवू नका. सिंक (इतर उपकरणांशी जुळवणी) चालू केलं की फोटो अंकीवेबच्या सर्व्हरवर जातात. ते नको असेल तर सिंक न करता एकाच फोनवर वापरा. वर्ष संपल्यावर डेक पुसला तरी फोटो फोनमध्ये तसेच राहतात. 'चेक मीडिया' चालवून न वापरलेल्या फाइली वेगळ्या पुसाव्या लागतात.