दुबईत मोठी बाईक: शोरूमची की परत निघालेल्याची?

शारजात राहणाऱ्या भाच्याचा जीव हजार सीसीच्या बाईकवर जडलाय. शोरूममधून कोरी घ्यावी की मायदेशी निघालेल्या कुणाची जुनी, यात तो अडकलाय.

किंमत आधी. भारतात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या बाईकला ४० टक्के जीएसटी आहे, इथे अमिरातीत व्हॅट फक्त ५ टक्के. त्यामुळे आपला माणूस कोरीची किंमत ऐकूनच हरखतो. पण पहिल्याच वर्षी भाव सर्वात जास्त उतरतो, आणि तो पहिल्या मालकाने सोसलेला असतो. शिवाय व्हिसा संपत आलेल्याला घासाघीस करायला वेळ नसतो.

टिकाऊपणात मात्र जुनीला नीट तपासा. मीटर कमी दिसतो म्हणून भुलू नका. इथली बाईक उन्हाळाभर उभीच असते. टायरवरचे चार आकडे वाचा: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. रबर उन्हाने कडक झालं असेल तर टायर आणि बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करा. अमेरिकेत अपघात होऊन, इथे रंगरंगोटी करून विकलेल्या गाड्याही फिरतात, म्हणून चासी नंबरावरून इतिहास काढाच.

खटपट? कोरीत जवळजवळ नाही. जुनीत दंड आणि बँकेचं कर्ज फिटल्याशिवाय नाव बदलत नाही.

भाच्याला माझं सांगणं: चार-पाच वर्षं राहणार असशील, वॉरंटीची निश्चिंती हवी असेल, तर कोरी घे. करार दोन वर्षांचा आणि हौस हिवाळ्यात हत्ता, जेबेल जैसचे डोंगर गाठण्यापुरती असेल तर जुनी. (बाईकचा परवाना वेगळा काढावा लागतो, ते आधी कर.)