चार सुटे ईएससी की एकच फोर-इन-वन? बिघाड शोधणाऱ्याच्या नजरेतून

पहिला क्वाडकॉप्टर बांधायला घेतला की मोटर कोणती, केव्ही (एका व्होल्टला किती फेरे) किती, प्रॉप (पंखा) किती इंची यावर रात्री जागवल्या जातात. ईएससीचं नाव यादीत शेवटी येतं. फ्लाईट कंट्रोलरचं, म्हणजे ड्रोनच्या मेंदूचं, ऐकून मोटरला तीन तारांतून वीज देणारं हे सर्किट. परवडेल ते मागवून आपण मोकळे होतो. मग एक दिवस तीन मोटर फिरतात आणि चौथी जागच्या जागी थरथरत राहते. दोष मोटरचा, ईएससीचा, तारेचा की फ्लाईट कंट्रोलरचा, हे शोधायला दहा मिनिटं लागतील की दोन रविवार जातील, ते तुम्ही ईएससी कोणत्या प्रकारचा घेतला यावर बरंचसं ठरतं. म्हणून मी ही तुलना किंमत आणि वजनापेक्षा बिघाडाच्या बाजूने करतो आहे.

आपल्याकडे बांधणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन गट आहेत. इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रोजेक्टवाल्यांचा संच ठरलेला असतो: एफ४५० फ्रेम, १००० केव्हीच्या ए२२१२ मोटर, १०४५ प्रॉप, तीन सेलची बॅटरी आणि ३० ॲम्पिअरचे चार सुटे ईएससी, प्रत्येक आर्मवर (फ्रेमच्या हातावर) एक. एफपीव्हीवाले, म्हणजे ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र गॉगलमध्ये पाहत उडवणारे, पाच इंची कार्बन फ्रेम घेतात, २२०७ आकाराच्या मोटर, सहा सेल, आणि मधोमध फ्लाईट कंट्रोलरच्या खाली एकच सर्किटची पाटी, जिच्यात चारही ईएससी सामावलेले असतात. हाच फोर-इन-वन.

मोटर फिरत नाही तेव्हा

आधी दोन्हीकडे सारखं लागू पडणारं सांगतो. प्रॉप काढा. "फक्त बघतोय" म्हणतानाच बोटं कापली जातात, त्यामुळे याला अपवाद नाही.

बॅटरी लावल्यावर जे सूर ऐकू येतात ते मोटरमधूनच येतात. ईएससी मोटरच्या आतल्या तारेच्या गुंडाळीलाच (वाइंडिंग) स्पीकरसारखं वापरतो. बहुतेक ईएससीत आधी तीन सूर म्हणजे ईएससीला वीज मिळाली, मग आणखी दोन म्हणजे फ्लाईट कंट्रोलरचा सिग्नलही पोचला. चारही मोटर एकदम वाजतात तेव्हा गप्प कोण हे कानाला कळत नाही. म्हणून बॅटरी जोडताना एकेका मोटरच्या बेलवर (वरच्या फिरणाऱ्या टोपणावर) बोट टेकवायचं. सूर बोटाला जाणवतो. पहिले तीन जाणवले आणि पुढचे दोन नाहीत, तर सिग्नलची तार किंवा फ्लाईट कंट्रोलर तपासायचा. काहीच जाणवलं नाही तर वीज पोचत नाही किंवा ईएससी गेला आहे. सगळे सूर आले आणि तरी मोटर थरथरते, तर बहुतेक वेळा तीनपैकी एक तार सुटलेली किंवा ड्राय सोल्डर (वरून जोडलेली दिसते, आत पकड नाही) झालेली असते.

इथून पुढे वाटा वेगळ्या होतात. सुट्या ईएससीवर, विशेषतः ए२२१२ सारख्या बुलेट कनेक्टर (ओढून निघणाऱ्या गोल पिना) लावलेल्या मोटरवर, शंका आली की तीन कनेक्टर उपसायचे, शेजारच्या आर्मची मोटर जोडायची, पुन्हा बॅटरी लावायची. बिघाड मोटरच्या मागोमाग गेला तर मोटर दोषी. त्याच कोपऱ्यात राहिला तर ईएससी किंवा त्याची सिग्नल वायर. ही अदलाबदल दोन मिनिटांत होते आणि सोल्डरिंग आयर्न हातात घ्यावी लागत नाही. नवशिक्यासाठी याहून चांगली शिकवणी मला माहीत नाही, कारण सर्किटची साखळी डोळ्यांसमोर उलगडत जाते.

फोर-इन-वनवर हीच अदलाबदल करायची तर सोल्डरचे सहा सांधे उकलून पुन्हा जोडावे लागतात. पॅड (तार सोल्डर करायच्या पाटीवरच्या धातूच्या जागा) लहान असतात, शेजारीशेजारी असतात, आणि दोन-तीनदा तापवले की पाटीवरून सुटून येण्याची भीती असते. म्हणून तिथे अदलाबदल शेवटचा उपाय ठेवायचा. त्याआधी फ्लाईट कंट्रोलरची बाजू संगणकावरूनच तपासता येते. बीटाफ्लाईट या फ्लाईट कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरच्या मोटर्स टॅबमध्ये मोटरचा क्रम बदलायची सोय आहे. दोन आउटपुट उलटसुलट करून पाहायचे. बिघाड दुसऱ्या कोपऱ्यात उडी मारून गेला तर दोष फ्लाईट कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये आहे आणि मोटरचे सांधे उकलायची गरजच नाही. तपासणी झाली की क्रम आठवणीने पूर्ववत करायचा.

मोटर चांगली की गेलेली, हे हाताने ओळखायचं

मल्टिमीटरने वाइंडिंगचा रोध मोजून मोटर ठीक आहे असं सांगणारे बरेच भेटतात. या मोटरचा रोध ओहमच्या शतांशांत असतो. साध्या मीटरच्या प्रोबचाच रोध त्याहून जास्त. मीटर तिन्ही जोड्यांवर बीप देतो आणि आपण समाधानी होतो.

खरी चाचणी हाताची आहे. ईएससीपासून मोकळ्या केलेल्या मोटरच्या तीनपैकी कोणत्याही दोन तारा एकमेकींना टेकवायच्या आणि बेल बोटाने फिरवायची. मोटर अडखळते, मधात फिरवल्यासारखी जड लागते. तीनही जोड्या अशा तपासायच्या. तिन्हींत सारखाच जडपणा असेल तर वाइंडिंग ठीक. दोन जोड्या मोकळ्या फिरल्या तर त्या दोन्हींत असलेल्या तारेची फेज (तिचं वाइंडिंग) तुटलेली आहे. आणि तारा एकमेकींना न टेकवताच मोटर जड फिरत असेल तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. मल्टिमीटरला जे दिसत नाही ते बोटाला कळतं.

मीटरचं काम वेगळ्या जागी आहे. एक प्रोब मोटरच्या तारेवर, दुसरा मोटर बसवलेल्या स्क्रूवर. बीप आला तर वाइंडिंग धातूला टेकलं आहे. याचं कारण बहुतेक वेळा लांब स्क्रू. माझ्या पाच इंचीचे आर्म मी एकदा बदलले. जुने ५ मिमी जाड होते, नवे ४ मिमी. स्क्रू मात्र तेच, ८ मिमीचे. म्हणजे मोटरच्या आत आधी ३ मिमी जाणारा स्क्रू आता ४ मिमी जाऊ लागला. एक मिलिमीटरचा तो फरक वाइंडिंगच्या वार्निशला घासत राहिला. टेबलावर मोटर उत्तम फिरली. तिसऱ्या उड्डाणात दोन नंबरच्या कोपऱ्यातून धूर निघाला. कार्बन फायबरमधून वीज वाहते, त्यामुळे वाइंडिंग स्क्रूला टेकलं की सगळी फ्रेमच सर्किटमध्ये येते. मोटर एकच गेली, पण तिने फोर-इन-वनचा एक कोपरा सोबत नेला आणि त्या एका कोपऱ्यासाठी पूर्ण पाटी बदलावी लागली. सुटा ईएससी असता तर खर्च चौथाईवर भागला असता. फोर-इन-वनच्या विरोधातला सर्वांत जड मुद्दा हाच आहे, आणि तो मी हलका करून सांगणार नाही.

मग तरीही एफपीव्हीवाले फोर-इन-वनच का घेतात?

कारण बिघाड मुळात कमी होतात. सांधे मोजा. सुट्या चार ईएससींना मोटरचे बारा, विजेचे दोन्ही टोकांना मिळून सोळा, आणि वर सिग्नलच्या तारा. फोर-इन-वनला मोटरचे बारा, बॅटरीचे दोन. फ्लाईट कंट्रोलरकडे एक प्लग. ड्रोनमधले निम्मेअधिक "इलेक्ट्रॉनिक" बिघाड म्हणजे वाईट सोल्डरिंग, असा माझा अनुभव आहे. सांधे निम्म्याने कमी झाले की डोकेदुखीही तेवढी कमी होते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रोजेक्टवाल्यांचे ३० ॲम्पिअरचे ईएससी फक्त ऐकतात, बोलत नाहीत. ते जुन्या पीडब्ल्यूएम सिग्नलवर (स्पंदाच्या लांबीतून वेग कळवणारा) चालतात, म्हणून थ्रॉटल कॅलिब्रेट करावे लागतात, म्हणजे किमान आणि कमाल थ्रॉटल कुठे ते त्यांना शिकवावं लागतं. ते राहिलं तर एक मोटर उशिरा सुरू होते, ड्रोन उठतानाच एका बाजूला कलतो, आणि मुलं मोटर बदलत बसतात. त्यांच्यातला दुसरा ठरलेला घोळ लाल तारेचा. प्रत्येक ईएससीमध्ये ५ व्होल्टचा बीईसी, म्हणजे फ्लाईट कंट्रोलरला वीज पुरवणारं छोटं सर्किट, असतो. चारही लाल तारा फ्लाईट कंट्रोलरला जोडल्या की चार बीईसी एकमेकांशी झुंजतात. तिघांची लाल तार कनेक्टरमधून काढून, टेपने गुंडाळून ठेवायची.

हल्लीचा फोर-इन-वन डीशॉट या सिग्नलवर चालतो. तो डिजिटल असल्यामुळे कॅलिब्रेशनच नाही. दुतर्फी डीशॉट सुरू केला तर प्रत्येक मोटरचा खरा आरपीएम (मिनिटाला फेरे) पडद्यावर दिसतो. चारही मोटर थोड्याशा थ्रॉटलवर ठेवायच्या आणि आकडे पाहायचे. तिघी जवळपास सारख्या आणि एक मागे पडलेली, शिवाय अर्ध्या मिनिटात तीच जास्त गरम, तर तिचं बेअरिंग किंवा शाफ्ट तपासायला घ्या. उड्डाणात काही कळायच्या आधीच हे टेबलावर सापडतं. डीशॉटवाले सुटे ईएससीही मिळतात, तेव्हा हा गुण फोर-इन-वनचाच असा दावा मी करणार नाही. पण पाच इंचीसाठी तसे सुटे आता बाजारात शोधावे लागतात.

फर्मवेअरबद्दल, म्हणजे ईएससीच्या आतल्या प्रोग्रामबद्दल, एक सूचना. बीएलहेली-३२ या फर्मवेअरचा विकास २०२४ साली थांबला. नवी पाटी घेताना एएम३२ असलेली, किंवा बजेट कमी असेल तर बीएलहेली-एस वाली घेऊन तिच्यावर ब्लूजे टाकावं. दोन्ही मुक्त स्रोत आहेत आणि दोन्हींत दुतर्फी डीशॉट मिळतो.

पहिली बॅटरी लावताना

फोर-इन-वनमध्ये पैसे याच क्षणी जळतात. तीन गोष्टी पाहा.

प्लगचा क्रम आधी. फ्लाईट कंट्रोलर एका कंपनीचा आणि ईएससी दुसरीचा असेल तर आठ पिनांची तार दोन्हीकडे बसते, पण पिनांचा क्रम जुळेलच असं नाही. बॅटरीची पूर्ण वीज सिग्नलच्या पिनेवर गेली की फ्लाईट कंट्रोलर संपला. दोन्ही आकृत्या समोर ठेवून एकेक पिन ताडून पाहायची, गरज पडल्यास सुईने कनेक्टरमधली तार काढून जागा बदलायची. सुट्या ईएससीत ही भानगड नाही; तिथे प्रत्येक तार तुम्ही स्वतः लावलेली असते.

मग कपॅसिटर. सहा सेलवर ३५ व्होल्ट, १००० मायक्रोफॅरडचा कमी ईएसआरवाला (आतला रोध कमी असलेला), बॅटरीच्या पॅडवरच, पाय शक्य तितके आखूड ठेवून. सुट्या ईएससीवर बहुधा आपापले कपॅसिटर असतात, पण तिथे लोक बॅटरीच्या तारा लांबवतात आणि व्होल्टेजचे झटके वाढवून घेतात. आर्म लांब असेल तर मोटरच्या तारा लांबवा.

आणि शॉर्ट. शॉर्ट असेल तर करंट रोखणारा स्मोक स्टॉपर विकत मिळतो, पण स्कूटरच्या ब्रेक लाईटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब बॅटरीच्या धन तारेत मालिकेत जोडला तरी काम होतं. सहा सेलसाठी असे दोन बल्ब एकामागोमाग. बल्ब क्षणभर चमकून विझला तर कपॅसिटर भरले, सगळं ठीक. पेटलेलाच राहिला तर शॉर्ट आहे; बॅटरी ओढून घ्या. फोर-इन-वनमध्ये चारही कोपरे एकाच विजेवर असल्याने शॉर्ट कुठे आहे ते बॅटरीच्या पॅडवरून कळत नाही. त्यासाठी मोटरचे बारा पॅड एकेक करून बॅटरीच्या धन आणि ऋण पॅडशी मोजायचे. जिथे मीटर सलग बीप देतो तिथला मॉसफेट (मोटरला वीज सोडणारा-तोडणारा भाग) गेलेला. मोटर जोडलेली असताना तिचे तिन्ही पॅड वाइंडिंगमधून एकच होतात, तेव्हा नेमका पॅड हवा असेल तर त्या एका मोटरचे सांधे उकला, बाकीच्यांना हात लावू नका.

गेलेला कोपरा शॉर्ट नसून नुसता मेलेला असेल तर एक तोड निघते. त्याच आर्मवर एक सुटा ईएससी बसवायचा, वीज बॅटरी पॅडवरून आणि सिग्नल फ्लाईट कंट्रोलरच्या त्याच आउटपुटवरून घ्यायचा. प्रोटोकॉल जुळला पाहिजे. दिसायला बरं दिसत नाही, पण नवी पाटी येईपर्यंत उडता येतं. आपल्याकडे तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. तरी हवा तोच भाग हवा तेव्हा मिळेल असं नसतं.

मी कोणाला काय सांगेन

कॉलेजचा प्रोजेक्ट, दोन-तीन जणांचा गट, कोणालाच नीट सोल्डरिंग येत नाही: सुटे ईएससी, बुलेट कनेक्टरसह, आणि पाचवा जादा. सात ते दहा इंची, वजन उचलणारा ड्रोन: तिथेही सुटे बरे, कारण करंट जास्त आणि आर्मवर प्रॉपचा वारा लागून ते थंड राहतात.

पाच इंची एफपीव्ही: फोर-इन-वन, तोही ३०.५ मिमी छिद्रांच्या मोठ्या पाटीचा. २० मिमीवाल्या लहान पाटीवर पॅड इतके चिकटून असतात की दुरुस्तीला जागा उरत नाही. फ्लाईट कंट्रोलर आणि ईएससी एकाच पाटीवर असलेले ऑल-इन-वन लहान घरगुती ड्रोनसाठी ठीक, पाच इंचीत घेऊ नका. एक कोपरा गेला की मेंदूही टाकून द्यावा लागतो.

फोर-इन-वन घेणार असाल तर त्याच ऑर्डरमध्ये ६० वॅटची, रुंद टोकाची आयर्न टाका. बॅटरीच्या पॅडखाली तांबं जाड असतं, २५ वॅटच्या आयर्नची उष्णता ते गिळून टाकतं आणि सोल्डर वरवर गोळा होऊन बसतो. तो गोळा चमकदार दिसला तरी तार ओढून पाहा.