मोत्यांच्या सरींना मुळंच नव्हती

स्ट्रिंग ऑफ पर्ल्स, म्हणजे मण्यांसारख्या गोल पानांच्या सरी लोंबणारं रोप, हातात टिकत नाही अशी त्याची ख्याती आहे. मला फसवणाऱ्याने त्याच ख्यातीचं भांडवल केलं.

ऑनलाइन फोटो पाहून कुंडी मागवली. काठावरून सुटलेल्या हातभर सरी, एकेक मणी वाटाण्याएवढा टपोरा. खोकं उघडलं तर अगदी तसंच रोप, फक्त मातीवर ओल्या मॉसचा, म्हणजे शेवाळाचा, जाड थर. सोबत चिठ्ठी: 'प्रवासात ओलावा टिकावा म्हणून.' जे रोप पाणी मण्यांतच साठवतं, त्याला चार दिवसांच्या प्रवासात कसला ओलावा लागतोय! पण हे शहाणपण नंतरचं. तेव्हा मी कौतुकाने फोटो काढत होते.

दोन आठवड्यांत मणी सुरकुतायला लागले. थोडं पाणी घातलं, तरी सुरकुत्या वाढतच गेल्या. विक्रेत्याला कळवलं तर लगेच उत्तर: "ताई, पाणी जास्त झालं. या रोपाचं सगळ्यांकडे असंच होतं." आणि मी ते मुकाट्याने मान्य केलं. कारण जास्त पाण्याने हे रोप खरंच कुजतं, आपल्या हातून चूक झाली असणार असं आधीच मनात असतं. या धंद्याचा सगळा डोलारा त्या अपराधीपणावर उभा आहे.

कुंडी तरी कामाला येईल म्हणून एक सर उचलली, तर ती अलगद वर आली. ना मातीचा कण, ना मूळ. टोक कात्रीने तिरपं छाटलेलं आणि सुकून टणक झालेलं. मॉस उपसलं तर खाली केसांच्या पिनांसारख्या वाकवलेल्या तारा, प्रत्येकीने तीन-चार सरी दाबून धरलेल्या. 23 सरींपैकी मुळं होती फक्त दोन सरींना. बाकी सगळ्या ताज्या छाटून खोचलेल्या.

पाण्याने कुजलेली सर बुडाशी तपकिरी, मऊ पडते, मणी पिवळट पारदर्शक होऊन बोट लावताच फुटतात. माझे मणी हिरवेच होते, फक्त सुरकुतलेले. म्हणजे तहान, कूज नव्हे. आता कुंडी आली की मी लोंबत्या सरी बघतच नाही. आधी मॉस किंवा सजावटीचे खडे बाजूला करते आणि एक-दोन सरी बुडाशी हलकेच ओढून पाहते. मुळं धरलेली सर सहज येत नाही.

तारांचे फोटो पाठवल्यावर विक्रेत्याचा सूर बदलला. पैसे नाहीत, पण 'भरपाई' म्हणून निळ्या मोत्यांच्या बिया पाठवल्या! निळे मोती असतात ते फक्त रंगवलेल्या फोटोंत. पांढरट पट्ट्यांचा व्हेरिगेटेड प्रकार मिळतो, पण निळा, गुलाबी, जांभळा नाही. शिवाय हे रोप सूर्यफुलाच्या कुळातलं, त्याचं बी बारीक, लांबट आणि केसाळ तुऱ्याचं. पाकिटात निघाल्या गोल, काळ्या, गुळगुळीत बिया. पेरल्याच नाहीत. कसलं तण घरात घेतलं असतं कोण जाणे.

छाटलेल्या सरी मात्र फेकल्या नाहीत. सुकलेली टोकं कापली, जखम दोन दिवस कोरडी होऊ दिली. पसरट, भोक असलेल्या कुंडीत थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि बरंच परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) व जाडी वाळू घातली. सरी उभ्या न खोचता मातीवर गोल गुंडाळून ठेवल्या, कारण मुळं पेरांतून फुटतात आणि पेरं मातीला टेकायला हवीत. उजेड भरपूर दिला, पण दुपारचं ऊन टाळलं. हा उजेड कुंडीच्या माथ्यावर पडायला हवा, नाहीतर खाली सरी लोंबतात आणि वर टक्कल पडतं.

मुळं धरेपर्यंत वरून हलका फवारा मारत होते. आता माती पूर्ण सुकली तरच पाणी घालते, तेही मण्यावरची पारदर्शक चीर बघून. प्रत्येक मण्यावर अशी रेघ असते, ती पानाची खिडकी, तिच्यातून उजेड आत शिरतो. मणी तहानला की ती मिटल्यासारखी अरुंद होते.

महिनाभरात 23 पैकी 14 सरींनी जीव धरला. त्या मातीला टेकवून ठेवायला पिना हव्या होत्या, त्या मी विक्रेत्याच्याच वापरल्या.