शहाद्याचं पाच दिवसांचं सर्वेक्षण शिबिर : जाऊन आले, सविस्तर लिहितेय

मी चोपड्याची, ज्युनिअर कॉलेजला समाजशास्त्र शिकवते. बारावीच्या पोरांना 'सामाजिक समस्या' हा विषय अकरा वर्षं शिकवतेय पण स्वतः एकदाही वही घेऊन कोणाच्या ओट्यावर बसले नव्हते, म्हणून जानेवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याला एका संस्थेचं शिबिर आहे असं मैत्रिणीकडून कळलं तेव्हा लगेच नाव दिलं. फी २२०० रुपये, त्यात राहणं जेवण सगळं आलं. चोपड्याहून शिरपूरमार्गे एसटीनं गेले. पाचपैकी चार स्टार देतेय, एक का कापला ते खाली सांगते.

पहिल्या दिवशी शिबिर घेणाऱ्या मॅडमनी सगळ्यांना एकेक चिठ्ठी दिली, तुमच्या भागातली एक समस्या लिहा म्हणाल्या. तीस जण होतो, बहुतेकांनी व्यसन, बालविवाह, मोबाईल असंच लिहिलं. मी लिहिलं 'आदिवासी पालकांची शिक्षणाबद्दल अनास्था'. मॅडमनी चिठ्ठी वाचली आणि शांतपणे म्हणाल्या, "ताई, हा तर निकाल झाला, यात प्रश्न कुठंय?" मला ते खूप लागलं, पण पुढचे चार दिवस तेच वाक्य डोक्यात होतं आणि आज वाटतं की फी त्या एका वाक्यातच वसूल झाली. मग फळ्यावर चार गोष्टी लिहिल्या त्यांनी. ही अडचण नक्की कोणाची, कधीपासून, ती अडचण आहे असं कोण म्हणतंय, आणि तुला कशावरून कळलं. माझी चिठ्ठी चारही ठिकाणी अडकली.

दुसरा दिवस आकड्यांचा. जनगणनेचे तक्ते कसे काढायचे, माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा (१० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर), हे नीट शिकवलं. आमच्या जळगाव जिल्ह्याचा आकडा आला तेव्हा मी गप्पच झाले, ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे २००१ ला ८८० मुली होत्या आणि २०११ ला ८४२. मॅडम म्हणाल्या आकडा तुम्हाला कुठे बघायचं ते दाखवेल, का ते नाही सांगणार, त्यासाठी चप्पल झिजवावी लागते.

खरी मजा तिसऱ्या दिवशी. तळोदा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात नेलं, ११२ घरं. दर पाचवं घर घ्यायचं असं ठरलं, आमच्या यादीत २२ घरं आली. शिबिराच्या छापील फॉर्मवर वर सूचना होती, 'घर बंद असल्यास शेजारचे घर घ्यावे'. दुपारपर्यंत आठ घरं बंद मिळाली. एक अजून डोळ्यासमोर आहे, दाराला कुलूप पण नव्हतं, कडीला तारेचा पीळ दिलेला, खाट उभी करून भिंतीला टेकवलेली आणि चुलीवर पालथं घातलेलं एक पातेलं. आम्ही सूचनेप्रमाणे शेजारच्या घरात गेलो, फॉर्म भरला, सगळं व्यवस्थित, पोरगी शाळेत जाते, आई गावातच कामाला जाते.

संध्याकाळी फॉर्म दाखवले तर मॅडमनी ते आठ फॉर्म बाजूला काढले आणि विचारलं, "शेजारी घरी का राहिला?" कोणालाच उत्तर देता येईना. दुसऱ्या दिवशी परत जाऊन विचारलं तर त्या आठपैकी सहा शेजाऱ्यांच्या शेतात विहीर होती, गहू हरभरा उभा होता, त्यांना गाव सोडायची गरजच नव्हती. जे गेले होते ते कोयत्यावर, गुजरातला ऊसतोडीला, मुकादमाची (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, नवरा बायको मिळून एक कोयता आणि लहान पोरं सोबत. म्हणजे फॉर्म भरायच्या नादात ज्यांचा प्रश्न होता त्यांनाच आम्ही यादीतून काढून टाकत होतो आणि जागी बागायतीवाली घरं भरत होतो! मग लक्षात आलं की २०११ ची जनगणना सुद्धा ९ ते २८ फेब्रुवारीला झाली होती, ऐन तोडीच्या दिवसांत, तेव्हा जी माणसं फडावर, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसाच्या शेतावर होती त्यांची मोजणी फडावरच व्हायची, गावाच्या आकड्यात ती दिसणार कशी.

शाळेबद्दलचा प्रश्न पण बदलला. फॉर्मवर होतं 'मुलाने शाळा सोडली आहे काय?', उत्तर सगळीकडे नाही, कारण नाव पटावर असतं. अंगणवाडीताईंनी तोच प्रश्न पावरीत, म्हणजे तिथल्या आदिवासी बोलीत फिरवून विचारला, काल पोरगा कुठं होता, गेल्या आठवड्यात किती दिवस गेला, आणि मग खरं बोलणं सुरू झालं. एका आजींच्या अंगणात राखेनं बारा चौकोन काढले, महिन्याप्रमाणे घरात जितकी माणसं तितके मक्याचे दाणे ठेवा म्हटलं. आजी महिने सांगत नव्हत्या, सण सांगत होत्या. पावसाळ्याच्या चौकोनात नऊ दाणे ठेवले. दिवाळीच्या पुढच्या चौकोनापासून होळीच्या आधीपर्यंत प्रत्येकात दोनच. एक स्वतःचा आणि एक नातीचा, तीही यंदा पाय मोडला म्हणून मागे राहिलेली. माझी ती चिठ्ठी मी त्याच रात्री फाडली. अनास्था म्हणे.

आता कापलेल्या स्टारबद्दल. फॉर्म इतक्या पुस्तकी मराठीत होता की नंदुरबारकडच्याच दोन पोरांना तो घरात वाचून दाखवता येईना, आणि ती शेजारच्या घराची सूचना तर संस्थेनं स्वतःच छापलेली होती, मॅडमनी पकडली म्हणून बरं, पण पुढच्या बॅचला तोच फॉर्म देऊ नका. बंद घराचा वेगळा रकाना ठेवा, किती दिवसांपासून बंद आणि कुठे गेले ते शेजाऱ्याकडून लिहून घ्या. शेवटच्या दिवशी कॉम्प्युटरचं सगळं दोन तासांत उरकलं, निम्म्या लोकांना काही समजलं नाही. आणि एका मुलानं न विचारता लेकरांचे फोटो काढून ग्रुपवर टाकले, ते डिलीट करायला लावले पण संमतीचा विषय पहिल्या दिवशीच घ्यायला पाहिजे होता ना.

जेवण छान, कळण्याची भाकरी आणि ठेचा रोज. राहायची सोय साधी पण स्वच्छ, बायकांची खोली वेगळी. थंडी जाम असते तिकडे, पांघरूण घरून न्या.

एक मोठी तक्रार मात्र बाकी आहे. गावात निघताना आम्ही शब्द दिला होता की काय सापडलं ते येऊन सांगू. मागच्या आठवड्यात संस्थेला फोन केला तर म्हणाले जूनमध्ये शाळा उघडल्यावर सभा घेऊ. माझं म्हणणं होळीला घ्या. होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजारापासून फडावरची माणसं गावात यायला लागतात असं आजींनीच सांगितलं होतं, ती आठ घरं तेव्हा उघडी असतील. मी कॉलेजला दोन दिवसांची रजा टाकून ठेवलीये, संस्थेचं कोणी आलं नाही तरी मी जाणार आहे.