बदलीच्या गावांची दोन चित्रे : ‘किल्ला’ आणि ‘बनगरवाडी’

गेल्या दोन महिन्यांत एक चित्रपट पाहिला आणि एक कादंबरी वाचली. दोन्ही मी वर्षानुवर्षे बाजूला ठेवलेली होती. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ २०१५ साली चित्रपटगृहांत आला, तेव्हा हा मुलांसाठीचा चित्रपट असावा असे समजून मी तो पाहिला नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तील एक उतारा लहानपणी वाचला होता, तेवढ्यावर ती कादंबरी आपल्याला ठाऊक आहे अशी माझी समजूत झाली होती. दोन्ही समजुती चुकीच्या होत्या, आणि त्या चुकीच्या ठरल्याचा आनंद एवढा मोठा आहे की हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

‘किल्ला’मधला चिन्मय अकरा वर्षांचा आहे. वडील गेल्यानंतर सरकारी नोकरीत असलेल्या आईची बदली होते आणि पुण्यातले घर सोडून हे दोघे कोकणातल्या एका लहान गावी येतात. गोष्ट एवढीच. मात्र, ज्यांचे बालपण बदल्यांमध्ये गेले आहे त्यांना ही गोष्ट लहान वाटणार नाही. माझ्या वडिलांची नोकरीही बदलीची होती. आमच्या घरी एक लोखंडी ट्रंक होती, तिच्यावर पांढऱ्या रंगाने वडिलांचे नाव आणि खाली गावाचे नाव लिहिलेले असे. बदली झाली की जुन्या गावावर रंगाचा हात फिरवून त्यावरच नवे गाव लिहिले जाई, आणि उन्हात तिरके पाहिले तर खालची अक्षरे तरीही दिसत.

नव्या गावात आलेल्या मुलाचे ते अवघडलेपण अर्चित देवधर याने कुठेही रडारड न करता उभे केले आहे. वर्गातला हुशार मुलगा म्हणून त्याच्याकडे पाहिले जाते, पण खेळात त्याला घ्यायचे की नाही हे ठरवणारी मुले वेगळी असतात. बंड्या हा त्यांतला सर्वांत उनाड आणि सर्वांत लोभस मुलगा. त्या भूमिकेत पार्थ भालेराव आला की पडदाच जिवंत होतो. सायकली घेऊन मुले किल्ल्यावर जातात तो प्रसंग मी दोनदा पाहिला. पाऊस कोसळू लागतो, आतल्या अंधाऱ्या भागात गेलेला चिन्मय मित्रांना हाका मारतो, आणि ते आपल्याला तिथेच सोडून निघून गेले आहेत हे त्याला उमगते. या ठिकाणी कॅमेरा घाई करत नाही. काळे पडलेले दगड, निथळणारे पाणी आणि एकटा मुलगा, एवढेच आपल्यासमोर राहते. छायाचित्रण दिग्दर्शकाचे स्वतःचेच असल्यामुळे कोकणचा पाऊस इथे शोभेसाठी आलेला नाही. तो त्या मुलाच्या मनाबरोबर चालतो. अमृता सुभाष यांनी रंगवलेली आई मला आणखी थोडी हवी होती. कचेरीतल्या नव्या माणसांचे हिशेब न उमगणाऱ्या आणि तरीही संध्याकाळी मुलासाठी चेहरा सावरणाऱ्या त्या बाईची बाजू चित्रपट जरा लवकर आवरती घेतो.

‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली, आणि आज तिच्यातले एकही वाक्य शिळे झालेले नाही. एक पोरसवदा मास्तर नेमणुकीचा हुकूम घेऊन माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर येतो. पोरे मेंढरांमागे रानात गेलेली असतात आणि शाळा नावापुरतीच असते. गावाचा म्हातारा कारभारी या पोरगेल्या मास्तराला जोखून पाहतो. पुढे मास्तर शिकवतो किती आणि शिकतो किती, हे वाचताना सारखे मनात येत राहते. माडगूळकर स्वतः माणदेशातले असल्यामुळे संवादांतली बोली कुठेही सजवलेली वाटत नाही. पहिली काही पाने सावकाश, शक्य तर मोठ्याने वाचावीत, मग ती बोली आपोआप कानात बसते.

शेकूचा प्रसंग मी वाचला आणि पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. पेरणीची वेळ येऊन ठेपलेली, जवळ एकच बैल, आणि दुसरा मिळण्याची आशा नाही; तेव्हा त्याची बायको जुवाची दुसरी बाजू आपल्या खांद्यावर घेते. लेखक इथे हळहळ व्यक्त करत नाही आणि तिच्या कष्टांवर भाष्यही करत नाही. तो दिसले तेवढे सांगतो व पुढे जातो, आणि वाचणाऱ्याचा जीव मात्र त्या शेतातच अडकून राहतो. याउलट, मास्तराच्या मनात येते ती तालीम बांधण्यासाठी सारी वाडी राबते आणि तिच्या उद्घाटनाला औंधचे राजे येतात, ती पाने इतकी आनंदाची आहेत की पुढे पाऊस दगा देतो, मेंढरे मरू लागतात आणि माणसे जगायला दूर निघून जातात, तेव्हा हे आपल्याच गावाचे झाले असे वाटते. कारभाऱ्याच्या लेकीचा, अंजीचा, भाग मात्र मला अपुरा वाटला. तिच्या मनात काय होते हे कळावे असे राहून राहून वाटते.

ही दोन्ही मी एकापाठोपाठ घेतली हा निव्वळ योग होता, पण आता कुणालाही सांगताना मी जोडीनेच सांगतो. परके गाव आपलेसे व्हायला किती दिवस लागतात, हे या दोघांनाही नेमके ठाऊक आहे, आणि ते आपलेसे होते न होते तोच निघण्याची वेळ येते, हेही. आधी ‘किल्ला’ पाहावा, शक्यतो पावसाळ्यात आणि मोठ्या पडद्यावर. ‘बनगरवाडी’ नंतर वाचावी. पुस्तक आकाराने लहान आहे, तरी एका बैठकीत संपवू नये.

माझी प्रत सध्या वडिलांकडे आहे. रोज दुपारी ते थोडी पाने वाचतात. काल तालमीपर्यंत आले आहेत.