वाढदिवसाचा नाश्ता: गल्लीतला कॅफे की जुनं हॉटेल?

आईच्या साठीला सकाळी आठ माणसं कुठे न्यायची, यावर घरात दोन दिवस खल झाला.

बेळगावच्या शहापुरातल्या जुन्या हॉटेलातला लोणी डोसा आजही सरस. तव्यावरून उतरताच वर लोण्याचा गोळा, तो कडेपर्यंत वितळायच्या आत पहिला घास घ्यायचा. खर्चही कमी. पण रविवारी टेबलामागे माणसं उभीच असतात. अशा वेळी आईला निवांत बसवणार कसं?

टिळकवाडीतला कॅफे जुन्या कौलारू घरात आहे. शिलाई मशीनच्या पायांवर फळी टाकून केलेली टेबलं, एकही खुर्ची दुसरीसारखी नाही. आईने पायाने ते पायडल हलवून पाहिलं आणि खुलली; आमचे कपडे तिनेच शिवलेले. ऑम्लेट बरं, कॉफी उत्तम, डोसा मात्र तिथे मागवू नका. बिल जवळजवळ तिप्पट.

तरी मी कॅफेच निवडेन. दोन तास कुणी उठवलं नाही, आजोबांनी १९५६ च्या राज्य पुनर्रचनेच्या आठवणी सांगितल्या, नातवंडांनी ऐकल्या. केकऐवजी आम्ही कुंदा नेला होता, आधी विचारून. आटवलेल्या दुधाचा तो तपकिरी, रवाळ घास आईला भरवला.

दोघांतिघांनी जायचं असेल, तर सरळ शहापूर गाठा.